जवसाच्या वाती

माझी बायको ईप्सिता हायडेलबर्गला मध्ययुगीन धनुष्यांच्या दोऱ्यांवर पीएचडी करते. त्यासाठी तिनं स्वतः जवस पेरलं, कुजवलं, विंचरलं. दोन वर्षांत हातभर लांब धाग्यांची एकच जुडी निघाली. मार्चला तिचा नोकरीचा फेरट्राग, म्हणजे करार, संपतोय, आणि उद्या लॅबमध्ये दोरी वळायची होती.

आज घरी आलो, तर ती जमिनीवर बसून बोटबोटभर तुकडे गाठी मारून जोडत होती. गाठीची दोरी पहिल्याच ताणाला तुटते, हे मला तिनंच शिकवलंय.

पुण्याहून आलेली माझी आई कात्री घेऊन उभी होती. मी कडाडलोच, "आई, काय केलंस हे?"

"कापूस संपला होता रे. वाती केल्या. हिची पीएचडी पार पडावी म्हणूनच तर लाखवातीचा नवस बोललेय."