शहागडच्या शेतातला सरवा

मित्रांनो, आज माझ्या हातून झालेलं एक काम सांगतो. बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा.

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळचा अलिबागकडचा, सध्या जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरीला. तोरा या आमच्या धर्मग्रंथात आज्ञा आहे की शेत कापताना खाली पडलेलं धान्य वेचू नये, ते गरिबाचं असतं. लहानपणापासून ऐकत आलोय.

आज दुपारी शहागडजवळ एका शेतकऱ्याच्या रानात कंपनीने घेतलेल्या हरभऱ्याच्या प्लॉटची काढणी होती. बियाण्याच्या प्लॉटमधला दाणाही बाहेर जाता कामा नये, हा कंपनीचा नियम. काढणी उरकताच एक म्हातारी सरवा वेचायला आली. पडलेले घाटे पदरात गोळा करू लागली.

मी म्हणालो, "मावशी, हे नेता येणार नाही. इथेच टाका."

पदरातले घाटे कंपनीच्या पोत्यात ओतून ती निघाली.

शेताचे मालक दगडूभाऊ बांधावरून बघत होते. त्यांनी हाक मारली, "मावशी, कुठं चालल्या? पल्याड माझा घरचा हरभरा काढून राह्यल्या बाया. तिथं वेचा, बिलकुल कुणी बोलणार न्हाई."

मग तिकडच्या बायांना म्हणाले, "जरा सांडत चला गं."

आज शुक्रवार; संध्याकाळी घरी येऊन शब्बाथचे, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले, प्रार्थना म्हटली, पण लक्ष लागेना. नोकरीचा नियम मी पाळला आणि माझ्या धर्माची आज्ञा दगडूभाऊंनी.

माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?