पदराची गाठ

"बघून सांगते," असं म्हणून बाई पदराच्या टोकाला गाठ मारायच्या.

वर्गातल्या पोराने अडचणीचा प्रश्न विचारला की हे ठरलेलं. आधी चष्मा नाकावर खाली ओढायचा, विचारणाऱ्याकडे नीट बघून घ्यायचं आणि मग गाठ. आठवडा सरेपर्यंत पदराला दोन-तीन गाठी झालेल्या असत आणि बाई त्या तशाच मिरवत भाजी आणायला जात. मी एकदा म्हटलं, "बाई, ही साडी आहे की जपमाळ?" त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला कुणी काही विचारत नाही, म्हणून तुमचे कपडे असे इस्त्रीचे राहतात." तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

आमची शाळा तळवड्याच्या कारखान्यांच्या कडेला. मागच्या भिंतीला लागून एक वर्कशॉप आहे. तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दणका बसला की फळ्याखालचे खडू जागचे हलतात. पोरं बहुतेक बीड, लातूर, परभणीकडून कंपनीत कामाला आलेल्यांची. बाईंचा वर्ग तिसरीचा, माझा चौथीचा, आणि मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे बाईंची जलचक्राची शिकवणी मला दरवर्षी फुकटात मिळाली. शाळेत बाकीच्या सगळ्या मॅडम. बाई एकच. त्या इथल्याच, जुन्या गावठाणातल्या. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण रंगात आल्या किंवा रागावल्या की गावची भाषा बाहेर पडायची.

जलचक्राच्या दिवशी त्या पुस्तकं मिटायला लावायच्या आणि अख्खा वर्ग मैदानात न्यायच्या. सगळ्यात उंच पोरगा सूर्य. वाफेने टाचा उचलून चालायचं, ढगांनी एकमेकांचे हात धरायचे, पावसाने हात सोडून पळत सुटायचं आणि नदी होऊन परत समुद्राला मिळायचं. समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून समुद्र व्हायला सगळ्यात जास्त गर्दी. कामगारांचीच पोरं ती, त्यांनी परस्पर शिफ्टा लावून टाकल्या होत्या. "बाई, आमची वाफेची शिफ्ट सुटली, ढगाला कोण येतंय?" एकाने विचारलं, पाण्याला साप्ताहिक सुट्टी कधी असते. बाई म्हणाल्या, "नसते. ओव्हरटाइमही मिळत नाही."

जमीन व्हायला मात्र कुणी तयार नसे. जमिनीने नुसतं बसून राहायचं आणि पावसाने अंगावरून नाचत जायचं, त्यात कसली मजा? शेवटी बाईच मैदानाच्या मधोमध पाय पसरून बसायच्या. गुडघे दुखायचे, उठताना दोन पोरांचे हात लागायचे. हेडसर व्हरांड्यातून हे बघायचे आणि आत जायचे.

एका वर्षी पोरांनी अडवलं, की या सगळ्यात टँकर कुठे बसवायचा. त्यांच्या घरी पाणी टँकरने येई. ढगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. बाईंनी गाठ मारली. शाळा सुटल्यावर टँकरवाल्याला गाठलं आणि त्याच्या शेजारी बसून तो भरतो त्या विहिरीपर्यंत जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "टँकर हा विहिरीचा जावई. येतो, भरून घेऊन जातो, देत काही नाही." आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली. गाठ सुटताना बघायला पोरं माना पुढे काढून बसायची. पलीकडे माझी चौथीही गप्प व्हायची, हे कबूल करायला मला आता कमीपणा वाटत नाही.

मग पायल आली. बीडकडची, अंगाने काटकुळी, फारसं न बोलणारी. खेळ संपला, पोरं हातपाय धुवायला पळाली आणि ही बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, आमच्या गावाला बी पाऊस पडतो. पर पाणी ऱ्हातच न्हाई. मंग आमचं चक्र कुठं तुटलंय?"

बाई जमिनीवरच बसलेल्या होत्या. तिथेच त्यांनी गाठ मारली.

ती गाठ सुटेना. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "अहो बाई, सोपं आहे. उतार असतो, झाडं नसतात, पाणी वाहून जातं. सांगून मोकळ्या व्हा."

बाई डबा बाजूला ठेवून माझ्यावर उखडल्या. "ते मला न्हाई का ठावं? पोरीनं तिच्या गावाचं इचारलंय. म्या बघितलंय का तिचं गाव? न बघता काय सांगू?"

दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येते म्हणाल्या. पण दिवाळीच्या आधीच पायलच्या बापाचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते बिऱ्हाड गावाला परत गेलं. एका सोमवारी तिची जागा रिकामी होती. आमच्याकडे अशा जागा वर्षभर रिकाम्या होतात आणि भरतात. आम्ही हजेरीत रेघ मारतो आणि पुढे जातो. बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. एवढंच म्हणाल्या, "ती म्हणंल, शाळेतल्या बाईनं पण फसवलं."

सुट्टीत गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. पण बाई रोज सकाळी नेसल्या साडीला नवी गाठ मारून यायच्या. साडी बदलायची, गाठ तीच. बाकीच्या गाठी आल्या, सुटल्या. ही एक कोपऱ्यात तशीच. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभासाठी आम्ही त्यांना छान साडी दिली. सगळ्यांच्या आग्रहाने त्या ती नेसून आल्या आणि हेडसरांचं भाषण चालू असताना मी पाहिलं, नव्याकोऱ्या पदरालाही गाठ मारलेली होती. मला भाषणात त्यांच्याबद्दल बरंच बोलायचं होतं. पण मी दोन वाक्यांत खाली बसलो.

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई पायलच्या गावाला गेल्या. पायलची मावशी इथेच चाळीत राहते, तिच्याकडून गावाचा पत्ता घेतला आणि गुडघ्याला पट्टा बांधून एसटीत बसल्या. मुलगा नको म्हणत होता. त्याला म्हणाल्या, "आल्यावर बोल काय ते."

परत आल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी शाळेत आल्या, तेव्हा मला हे कळलं. पायलने त्यांना गावामागचा डोंगर दाखवला होता, पार बोडका. दोघी एका घराच्या वळचणीला उभ्या राहून पावसाची सर कोसळताना बघत होत्या. ओढा दुथडी भरून गेला आणि चहा होईस्तोवर पुन्हा त्यातले दगड दिसायला लागले.

"मग काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"सांगितलं, चक्र तुटलेलं नाही. पाणी येतंय तुझ्या दारी, पण त्याला बस म्हणणारं कुणी नाही. मग तिच्या शाळेत आमचा खेळ घेतला. तिथल्या गुरुजींनी घेऊ दिला, भला माणूस. सूर्य झाला, ढग झाले, समुद्राला हीऽ गर्दी. जमिनीला कोण, म्हटलं, तर सगळे खाली बघायला लागले. मी आपली सवयीने बसायला गेले, तर ही पोरगी पुढे आली."

बाईंनी चष्मा काढून डोळे पदराने पुसले. पदराच्या टोकाला गाठ नव्हती.

"मला म्हणाली, बाई, तुमी उठा. आता मी बसते."