काकीनाडा जलद

आमच्या मामांइतकं समुद्रावर लक्ष ठेवणारा माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून वडिलांनी मला हदगावकडच्या आमच्या गावातून नांदेडला आत्याकडे आणून ठेवलं. वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, हे मला अजून नीट कळत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "लिही की. पण वाऱ्याचा वेग चुकवू नको."

मामा एसटीत कंडक्टर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी माहूरच्या रस्त्यावर गेली. त्यामुळे बंगालच्या उपसागरातलं वादळसुद्धा त्यांना गाडीसारखंच दिसतं. कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ते म्हणतात, गाडी फलाटाला लागली. वादळ एका जागी रेंगाळलं की ड्रायव्हर चहाला उतरला, आणि किनाऱ्याकडे निघालं की डबल बेल पडली. वादळांना ठेवलेली नावं त्यांना मान्य नाहीत. "नावाला काय करायचंय, पाटी वाचा पाटी," असं म्हणून वादळ जिथं धडकणार त्या गावाची पाटी ते त्याला आधीच लावून टाकतात. पुरी जलद, मछलीपट्टणम जलद, अशी. सकाळी अंघोळीच्या आधी उपग्रहाचं चित्र बघायचं, ते दोन बोटांनी मोठं करायचं, आणि वादळाचा डोळा स्वच्छ दिसला तर आत्याला हाक मारून दाखवायचा. "बघ, कसा गोल हाय." आत्या लांबूनच "हाव, हाय" म्हणते आणि कणीक मळत राहते. घरावर पडणाऱ्या पावसात मात्र मामांना काही रस नाही. एकदा ते अंदमानाजवळचा वारा मला समजावून सांगत होते आणि तेवढ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या आत्याच्या शेवया भिजून गेल्या. आत्या म्हणाली, "अंदमानचं समदं दिसून राहिलं, डोक्यावरचं आभाळ दिसंना." मामा शांतपणे म्हणाले, "ते लोकल हाय. त्याचा अभ्यास नसतो."

अभ्यास करणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. त्यात उमरीचे एक किराणावाले आहेत, उदगीरचे एक फोटोग्राफर आहेत, आणि मामांचे कायमचे विरोधक म्हणजे लातूरचे एक मेडिकलवाले. मामा नेहमी वादळ वाढणार म्हणतात आणि मेडिकलवाले नेहमी ते विरणार म्हणतात. वादळ खरंच वाढलं की ग्रुपवर टाळ्या पडतात. मामांचा अंदाज बरोबर आला तर ते गल्लीत पेढे वाटतात. पेढा खाणाऱ्यांना कुठलं वादळ, कुठला किनारा, काही माहीत नसतं. मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. नकाशावरचा तो पांढरा भोवरा खरंच देखणा दिसतो.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर असंच एक वादळ उठलं. मामांनी पहिल्याच दिवशी ग्रुपवर जाहीर केलं, काकीनाडा जलद, लिहून घ्या. मेडिकलवाल्यांनी लिहिलं, कंडक्टरसाहेब, तुमची गाडी वाटेतच पंक्चर होणार. दोघांचं चांगलंच जुंपलं. दुपारी जेवताना मामा मला रंगात येऊन सांगत होते की वादळ आता जोर धरून राहिलं, आणि भाकरी वाढता वाढता आत्याने विचारलं, "कुठं म्हणलाव?"

"काकीनाडा."

"आन् जावयाची बदली कुठं झाली?"

मामांनी घास परत ताटात ठेवला. ताईचं, म्हणजे माझ्या आतेबहिणीचं, बिऱ्हाड आषाढातच नागपूरहून काकीनाड्याला गेलं होतं. तिला तिथं पोचवायलाही कोणी गेलं नव्हतं. ते गाव मामांना फक्त नकाशावर माहीत होतं.

संध्याकाळी ताईचाच फोन आला. "बाबा, हे बंदरावर अडकलेत. इथं सरकारी लोक शाळेत जाऊन राहा म्हणून सांगून राहिले. बाळाला ताप आहे, तिथं गर्दीत कसं न्यावं? तुम्ही सांगा. तुम्हाला कळतं ना त्यातलं." ज्यांनी आयुष्यात कधी "माहीत नाही" म्हटलं नाही, ते मामा म्हणाले, "मला न्हाई कळत, बाई. ते सांगतात तसं कर. बाळाला गुंडाळ अन् निघ." फोन ठेवल्यावर त्यांनी लातूरला फोन लावला. "तुमचं ते विरण्याचं कशावरून म्हणता, सांगा बरं जरा." तिकडून चेष्टा झाली असावी. मामा एवढंच म्हणाले, "लेक हाय तिथं." त्यानंतर मेडिकलवाले बोलत राहिले आणि मामा वर्गातल्या मुलासारखे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा, साहेब. सावकाश."

मेडिकलवाल्यांचंच बरोबर निघालं. वादळ थोडं विरलं आणि किनाऱ्याला लागण्याआधी उत्तरेला वळलं. ताई दुसऱ्या दिवशी घरी परतली, बाळाचा ताप उतरला. ग्रुपवर लातूरकरांचं अभिनंदन झालं. आत्याने हात जोडले आणि म्हणाली, "गेलं बाई एकदाचं." मामा चित्र मोठं करून बघत होते. म्हणाले, "गेलं कुठं? वर गेलं. तिथं बी घरं हायत."

मामा अजून वादळं बघतात, भांडतात, पाट्याही लावतात. पण हल्ली नवं वादळ उठलं की ते आधी ग्रुपवर विचारतात, तिकडं आपल्यापैकी कोणाचं कोण हाय का. सुरुवातीला लोक हसले. आता नीट उत्तरं देतात. परवाही त्यांनी विचारलं. सगळ्यांनी लिहिलं, कोणाचंच कोणी नाही. मामांनी ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाले, "आसंल कुणाचं तरी."