ताईचं तिकीट आणि तीन कार्डं

माझ्या बायकोला मी आयुष्यभर पुष्कळ गोष्टींवरून चिडवलं, पण तिच्या चौकशीपुढे मात्र हात जोडतो. शेवगावात ती औषधांचं दुकान चालवते. भावकीत कुणाचं स्थळ बघायचं असलं की लोक आधी तिच्याकडे येतात. तिची पद्धत ठरलेली आहे. मुलाकडच्यांना ती काही विचारतच नाही. त्यांच्या शेजारणीला गाठते, आणि विचारते तेही एवढंच, की त्या घरात बाईमाणूस आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? पगार, जमीन, बंगला हे सगळं त्यानंतर.

क्रेडिट कार्डांची चौकशीही तिनं अशीच केली.

झालं असं, की माझी थोरली बहीण खर्ड्याला असते. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. मेहुणे गेल्यापासून एकटीच राहते. तिची एकुलती एक लेक कॅनडात. तिला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. लेकीला येता येईना, तर माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. व्हिसा आला, डिंक-खोबरं आणून झालं, पण ताई तिकिटाचं नाव काढीना. आज बघू, उद्या बघू. तिकडे भाचीला आठवा लागला. नवरा कामावर, घरात दुसरं कुणी नाही. रोज फोन करून विचारायची, "आई, तारीख ठरली का?" तिचा तो आवाज ऐकून मला गलबलून यायचं.

मला वाटलं, ताईनं परदेशातल्या दवाखान्याच्या खर्चाची धास्ती घेतली असेल. म्हणून तिला घरी बोलावून घेतलं आणि टेबलावर माझं कार्ड ठेवलं. त्या कार्डाचा मला कोण अभिमान! किराणा भरा, पेट्रोल भरा, पॉइंट जमतात. विमानतळावर खास दालनात बसवून फुकट जेवायला घालतात. आणि प्रवासविम्याचा आकडा तर असा, की ऐकणारा दबकून जावा.

"मामाचा मान आहे," मी म्हणालो. "तिकीट माझ्याच कार्डावर निघणार."

बायकोनं चष्मा लावून बारीक अक्षरातले नियम वाचले. "अहो, कार्ड ज्याच्या नावावर, विमा त्याचा. ताई जातील कॅनडाला, आन विमा बसंल हितंच तुमच्यापाशी. आन हा मोठा आकडा विमान पडलं तरच हाय. ताप आला, पाय मोडला, तर काय बी न्हाई."

मामाचा मान तिथेच बारगळला. मी थोडी कुरकुर केली, पण तिनं तोवर दुसरं कार्ड चौकशीला घेतलं होतं.

ते होतं भाचीचं. आपल्या कार्डावर सगळ्या कुटुंबाचा विमा आहे, असं ती फोनवर ठासून सांगत होती. बायकोनं तिलाही नियम वाचायला लावले. कुटुंब म्हणजे नवरा आणि मुलं, असं तिथं लिहिलेलं होतं. आई त्यात नव्हती. ताई खळखळून हसली. "अजून जन्माला न्हाई आलं त्ये पोरगं कुटुंबात, आन मी न्हाई व्हय?"

तिसरं कार्ड ताईचंच. पेन्शनच्या बँकेनं तिच्या मुदत ठेवीवर दिलेलं, साधं, पॉइंट आपले नावापुरते. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. पण तिकीट त्याच कार्डावर काढलं तर परदेशातला दवाखाना आणि हरवलेली बॅग, दोन्हींची सोय त्यात होती. अडचण एवढीच, की जुन्या दुखण्याला ते हात लावणार नव्हतं आणि ताईला ब्लडप्रेशर.

"त्याला निराळी पॉलिसी घिऊ," बायको म्हणाली. "बीपी सांगून."

"सांगायचं कशाला?" ताई उसळली. "पोरीला बघायला आले तवा आपण तिचा चष्मा सांगितला हुता का? झालंच की समदं नीट."

"ताई, सासरची मानसं नंतर पदरात घेत्यात. विमावाले न्हाई घेत. तुमची गोळीची चिठ्ठी बघितली की हात झटकून मोकळे."

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "दवाखान्याचं राहू दे. मी तिकडंच मेले, तर मला हिकडं आणतील का? का तिथंच उरकतील?"

मेहुण्यांना आम्ही त्यांच्याच मळ्यात, लिंबाखाली अग्नी दिला होता. त्यांच्या शेजारची जागा ताईनं मनात कधीच धरून ठेवलेली. खर्चाची धास्ती वगैरे सगळा माझाच तर्क होता. ती अडली होती ती इथं, आणि घरात बाळ यायचं असताना असलं अभद्र बोलू नये म्हणून इतके दिवस तोंड मिटून बसली होती.

"काहीतरीच काय बोलतेस ताई," मी म्हणालो. असल्या वेळी माझ्यासारखी माणसं हेच म्हणतात.

बायको तसलं काही म्हणाली नाही. तिनं मोबाईल उचलला, ताईच्या बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हमारी ताई उधर कॅनडा में मर गयी, तो घर तक कौन लाएगा?"

पलीकडची मुलगी गडबडली. "मॅडम, शुभ शुभ बोलिए."

"शुभ बाद में बोलेंगे. पहले ये बताओ."

मुलीनं शोधून सांगितलं. आणण्याचा खर्च कार्डात होता, मुंबईच्या विमानतळापर्यंत. "मुंबईहून पुढं आमी आणू," बायको मराठीतच म्हणाली आणि लगेच विचारलं, "और बीपी से मर गयी तो?" तर नाही. मग तिनं पॉलिसीवाल्यांना फोन लावला आणि तोच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारला. बीपी आधी सांगितलं असेल तर आणू, असं उत्तर आलं. ताईच्या तोंडासमोर तिच्या मरणाची अशी सरळ चौकशी करायला केवढी माया लागते, ते मला त्या दिवशी दिसलं.

"मग लिव्ह बीपी," ताई म्हणाली. "कधीपासून हाय, गोळी कुठली, समदं लिव्ह."

तिकिटाचे पैसे मी ओवाळणी म्हणून तिच्या हातावर ठेवले आणि तिकीट तिच्या कार्डावर काढलं. लगेच भाचीला फोन केला. ती आधी रडली, मग रागावली. "इतके दिवस कशाला थांबलीस गं आई?"

"काय न्हाई गं, सामानच लई झालं हुतं," ताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं बायकोचा हात धरला. "तसं काय झालंच, तर मुंबईला मला घ्यायला तूच ये. ह्याला न्हाई जमायचं."

"येईन की," बायको म्हणाली. "चालत आल्या तरी मीच येईन."