चांगला पाय फळीवर

रविवार, १० ऑक्टोबर १९९३. रक्कम दोनशे पंच्याहत्तर रुपये. सांगलीतल्या सायकलींच्या दुकानात आम्ही तिघं होतो: मी, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि फौजेतून रजेवर साताऱ्याला आलेला मेहुणा.

घेतली ती पायानं ढकलायची स्कूटर. बशीएवढी दोन चाकं, मधे फळी, पुढे दांडा. मुलीचा डावा पाय पोलिओनं बारीक झालेला. त्याला गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर होता. पाय वापरात राहिला तर कदाचित कॅलिपर सुटेल, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते. त्या ‘कदाचित’वर आमचं घर चाललं होतं.

मी सगळं विचारून घेतलं. दांडा किती उंच हवा? कमरेच्या वर. उभं कुठल्या पायावर राहायचं?

“चांगला पाय फळीवर, दुसऱ्यानं ढकलायचं,” दुकानदार म्हणाला.

“आणि ब्रेक?” मुलीनं विचारलं.

“ढकलणाऱ्याच पायानं. मागच्या चाकावर दाबायचा.”

तिनं डाव्या पायाकडे पाहिलं. “मग मी थांबणारच नाही.”

मेहुणा हसला. “थांबतीस कशाला गं बाय? सरळ साताऱ्याला ये!”

रोज संध्याकाळी ती गल्लीत शिकायची. डावा पाय ढकलण्यापेक्षा घासतच जास्त असे. पट्टीचा खरखर आवाज घरात ऐकू यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती एकटी पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन आली. बायकोनं विचारलं, “सुटेल ना हो?” मी सुटेल म्हणालो.

दसऱ्याला गल्लीतल्या गाड्या धुतल्या, पुजल्या. मेहुण्यानं स्कूटरलाही झेंडूची माळ बांधली, पुढे लिंबू ठेवलं.

मी म्हटलं, “अहो, हिला कशाला लिंबू?”

“आवं दाजी, गाडी म्हंजे गाडी. लिंबू चिरडल्याबिगर न्यायची न्हाई.”

सगळे बघत होते, म्हणून मुलगी मागून जोरात आली. जीपचं चाक लिंबावरून जातं. हे चाक अडलं. ती दांड्यावरून पुढे फेकली गेली. डाव्या मांडीचं हाड मोडलं. लिंबू तसंच राहिलं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय पहिल्यापेक्षा बारीक होता. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, कागदावर माप लिहिलं. ‘कदाचित’ म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीत मिरजेच्या कॅलिपर करणाऱ्याला सातशे चाळीस रुपये दिले. हा कमरेपर्यंतचा होता.