अकरा नंबरच्या घरातली पाहुणी

माझ्या काकांना खोटं खपत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणत. मीही म्हणायचे.

काका शाळामास्तर. तरुणपणी त्यांना जनगणनेच्या कामाला जुंपलं होतं. बगलेत फॉर्मांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल आणि दारोदार तेच विचारणं: घरात कोण कोण, वय काय, नातं काय. "माझ्या गल्लीतलं एक माणूस सुटलं नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की आम्ही भावंडं त्यांच्या पाठीमागे नुसते ओठ हलवून तेच म्हणायचो. पन्नास वर्षांनी ती पानं लोकांसाठी खुली झाली, तेव्हा काका रोज सकाळी दप्तरखान्यात जाऊन बसायला लागले. कुणाला पणजा शोधायचा असे, कुणाला आजीचं माहेर. काका फुकट मदत करत आणि मोठेपणा भरपूर घेत.

त्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. समोर पन्नाशीची एक शिवणकाम करणारी बाई बसली होती, अनाथाश्रमात वाढलेली. आश्रमाच्या वहीत तिच्याविषयी एकच ओळ होती: चार महिन्यांची, अमक्या गल्लीतल्या अकरा नंबरच्या घरातून आणलेली. तारीख जनगणनेनंतरच्या आठवड्यातली. आपली आई कोण, एवढंच तिला हवं होतं.

"मग काळजी सोडा," काका म्हणाले. "ती गल्ली माझीच."

पान निघालं. काकांचंच मोत्यासारखं अक्षर. सात ओळी, सात माणसं, सगळ्यात धाकटा नऊ वर्षांचा. बाई पुन्हा पुन्हा ओळींवरून बोट फिरवत होती. काकांनी पान उलटून मागची बाजू पाहिली आणि पुन्हा सरळ केलं.

"आत मूल रडत होतं," ते म्हणाले. "दारातल्या म्हातारीला विचारलं मी. म्हणाली, पाहुणी आलीय, तिचं आहे. पाहुण्यांनाही मोजायचं असतं, बाई. पण फॉर्मवर ओळी सातच. पुढच्या माणसांना जोडपत्र लागायचं, आणि माझी जोडपत्रं संपली होती. आणायला कचेरीपर्यंत परत चालत जायचं. मी म्हटलं, पाहुणीच आहे, जाईल उद्या."

"नाव?" बाईने विचारलं.

"विचारलंच नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं."

मला इतका राग आला की डबा तिथेच आपटावासा वाटला.

बाईने मात्र आवाज चढवला नाही. "दिसली होती का?"

"हात दिसला. दाराआडून मला पाण्याचा पेला दिला तिने."

बाईने आपला उजवा हात त्या पानाशेजारी ठेवला. सुईने टोचलेली बोटं, अंगठा जरा बाहेर वळलेला. "असा होता?"

मी मनात म्हणत होते, हो म्हणा, काका. तिच्यासाठी म्हणा.

काकांनी चष्मा पुसून तो हात बराच वेळ पाहिला. "आठवत नाही," ते म्हणाले. "एकदा खोटं लिहून झालंय माझं."

तिने तरीही पानाची नक्कल मागितली. काकांनी ती हातानेच उतरवली. सात ओळी झाल्यावर ते थांबले नाहीत. आठ: पाहुणी, नाव विचारलं नाही. नऊ: तिचं मूल, रडत होतं. खाली त्यांनी पूर्ण सही केली.