खोताच्या माळावरचं गवत

सुक्या गवताचा वास आला की मला म्हसळ्याकडचा खोताचा माळ आठवतो. माझं नुकतंच लग्न झालं होतं. खाडीचं पाणी शेतात शिरून आमचा पेंढा कुजला होता, म्हणून सासूबाईंनी आणि मी अर्ध्या वाट्याच्या बोलीवर खोताचं गवत कापलं आणि भारे वाहून त्याच्या अंगणात रचले. वाटा मागितला तेव्हा खोत हसला. "माळ माझा, गवत माझं. तुमचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या, "मालक, आमची गाय मरंल." "मग तिला इथं आणा, वास घेऊ द्या." घरी आलो तर गाय सासूबाईंच्या लुगड्याला चिकटलेल्या काड्या ओढून खाऊ लागली. फाल्गुनात ती मेली. खोताच्या अंगणातली गंजी मात्र कुणी न खाताच पुढल्या पावसात कुजून गेली, आणि एवढं मला अजून सहन होत नाही.